डावा कोपरा कुणाला द्यायचा?

भिवपुरी, ता. कर्जत
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. दादा यांस,


गणपतीनंतर आपल्या कबड्डी मंडळाची बैठक आहे. तू डोंबिवलीहून येशील तेव्हा पहिला विषय डाव्या कोपऱ्याचाच निघेल. फोनवर आपण दोनदा बोललो, पण दोन्ही वेळा आवाज चढले आणि मुद्दे राहून गेले. बैठकीत दहा माणसं एकदम बोलतील. म्हणून माझं म्हणणं सगळं एका जागी लिहून पाठवतो. तू अध्यक्ष आहेस, शेवटचा शब्द तुझा. पण तो देण्याआधी हे एकदा शांतपणे वाच.

आपल्या डाव्या कोपऱ्यात खेळणारा गडी पोलीस भरतीत लागला, त्याचं सोनं झालं. पण जागा रिकामी पडली आणि तीन नावं पुढे आली. पहिला खोपोलीचा. घोटा धरण्यात त्याचा हात सबंध खालापूर तालुक्यात कुणी धरत नाही. दुसरा चौकचा, वय चौतीस, कारखान्यात पाळीवर जातो, गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. तिसरा आपल्याच ठाकूरवाडीचा पोरगा, अजून विशीत न आलेला. तुला खोपोलीचा हवाय. बहुतेक पोरांनाही तोच हवाय. मला चौकचा हवाय, आणि त्याच्या हाताखाली वाडीतला. का, ते सांगतो.

आधी कोपऱ्याचं कामच पाहू. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा आणि अंतिम रेषा ६.५ मीटरवर. म्हणजे बोनस रेषेच्या मागे उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. कोपऱ्याचा सगळा संसार तेवढ्यात. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच चढाईपटूला बोनस मिळतो, आणि तो घ्यायला त्याला एक पाय रेषेपलीकडे टाकून दुसरा हवेत उचलावा लागतो. तो क्षण कोपऱ्याचा. त्या वेळी घोटा सापडला तर गडी एका पायावर असतो, मागे सरकायला त्याच्याकडे आधार नसतो. पण घोटा सुटला तर कोपरा स्वतः बाहेर, गुण त्यांचा, आणि आपल्या बचावाला एका बाजूने भगदाड.

म्हणून घोटा धरणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं धरल्यानंतरच्या एका सेकंदात होतं. कोपऱ्याने पाय धरला की शेजारचा मध्यरक्षक छातीवर आला पाहिजे, पलीकडचा कोपरा आत वळला पाहिजे, नाहीतर ताकदीचा चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. मागच्या मोसमात आपण हरलेले सामने आठव. पकडी आपण सुरू करत होतो, संपवत नव्हतो. पाय हातात येत होता, पण मदत अर्ध्या पावलाने उशिरा येत होती. याचं कारण सरळ आहे. आपला उजवा कोपरा वीस वर्षांचा आहे, दोन्ही मध्यरक्षक त्याच्याहून लहान. कधी थांबायचं आणि कधी तुटून पडायचं, हे मैदानात त्यांना सांगणारं कुणी नाही.

आता खोपोलीच्या पोराबद्दल. तो चांगला आहे, यात वाद नाही. पण तो सरावाला येणार नाही, हे त्याने स्वतः सांगितलंय. सामन्याच्या दिवशी येईन, म्हणतो. मागतो त्या पैशात मंडळाच्या शिलकीतले अर्ध्याहून जास्त जातील. आणि तो पुढे सरून पकड घेतो, चढाईपटू आत येण्याआधीच. ज्या संघात शेजारच्याला त्याची सवय आहे तिथे ही पकड जिंकून देते. आपल्याकडे तो पुढे सरला की मधली पोरं जागच्या जागी उभी राहतील, कारण तो कधी निघतो हे त्यांना कळणारच नाही.

तू म्हणशील, मोठे संघ तर मोठी नावंच विकत घेतात. मग मोठ्या संघांचंच बघू. प्रो कबड्डीत २०१५ साली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं. कर्णधार अनुप कुमार, डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर. पहिल्या तिन्ही मोसमांत यू मुंबा अंतिम सामन्यात होती. २०१६च्या लिलावात बंगळुरू बुल्सने मोहितला ५३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती, आणि नाडाही बंगळुरूकडेच गेला. त्या मोसमात यू मुंबा उपांत्य फेरीत पोहोचली नाही. इथपर्यंत गोष्ट तुझ्या बाजूची वाटेल. पण बंगळुरूही पोहोचली नाही. देशातली सगळ्यांत सवयीची कोपऱ्यांची जोडी हातात असूनही. जोडी नेता येते, पण त्या जोडीभोवती वर्षानुवर्षं उभे राहिलेले बाकीचे पाच जण सोबत नेता येत नाहीत.

त्याच वर्षी विजेतेपद कुणी नेलं? पाटणा पायरेट्सने. कर्णधार होता धर्मराज चेरलाथन, चाळिशी ओलांडलेला. चढाईचं काम तरुण परदीप नरवालकडे होतं, आणि बचावाला शिस्त लावायला हा अनुभवी माणूस मैदानात होता. चौकच्या माणसाचं वय चौतीस म्हणून तू त्याचं नाव खोडतोस, तेव्हा मला चेरलाथन आठवतो. बचावात पायांचा वेग कमी झाला तर नजर तो भरून काढू शकते, अट इतकीच की शेजारचे पाय तरुण असावेत. आपल्याकडे ते आहेत.

आणखी जवळचं उदाहरण घे. २०२२ साली तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख खर्च केले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो अख्ख्या मोसमाला मुकला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण त्या संघाचे दोन्ही कोपरे, सागर राठी आणि साहिल गुलिया, तरुण होते आणि एकमेकांना ओळखून होते. आशन कुमार प्रशिक्षक म्हणून आल्यावर संघ सावरला आणि पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचून उपांत्य सामना खेळला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले आणि २२ सामन्यांत दोन जिंकून तळाशी राहिले. यात पवनला दोष देण्यासारखं काही नाही, तो थोर खेळाडू आहे. पण पुण्याचा, हैदराबादचा, चेन्नईचा कुठलाही संघ घे, एका माणसाच्या किमतीने सात माणसं उभी राहत नाहीत.

तुझ्या बाजूचं सगळ्यांत भक्कम उदाहरण मीच देतो, म्हणजे मी ते लपवलं असं व्हायला नको. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो डावा कोपरा. आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. महागडा डावा कोपरा आला आणि चषक आला. पण तो कुठे आला हे बघ. कर्णधार अस्लम इनामदार नगरकडचा, मोहित गोयतसारखे गडी आधीपासून पलटणचेच, तरुण आणि एकत्र वाढलेले. रचना तयार होती, एक जागा रिकामी होती, तिथे त्यांनी सर्वोत्तम माणूस बसवला. आपली रचना तशी तयार आहे का? असती तर मी स्वतः खोपोलीला जाऊन त्याला घेऊन आलो असतो.

इराणकडूनच आणखी एक शिकावं. फझल अत्राचली, डावा कोपरा, यू मुंबाने २०१८च्या लिलावात त्याच्यासाठी एक कोटी मोजले, तोपर्यंत कुठल्याही परदेशी कबड्डीपटूला एवढे मिळाले नव्हते. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत आपल्या भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून पुरुषांचं सुवर्ण भारताकडेच होतं. त्या दिवशी ते गेलं. भारताकडे चढाईपटू कमी नव्हते, पण इराणची साखळी तुटली नाही. एकाने पाय धरला की उरलेले एका दमात त्याच्यावर येत होते. हे एका दिवसात शिकता येत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी एकत्र घाम गाळावा लागतो.

आणि रोज संध्याकाळ आपल्याकडे किती कमी असते, हे तुला शहरात राहून कदाचित विसरायला होत असेल. जुलैपासून पोरं लावणीत, दसऱ्या-दिवाळीला कापणी-झोडणीत. पलीकडच्या आंध्र खोऱ्यातलं ठोकरवाडीचं पाणी १९२२पासून आपल्या भिवपुरीच्या वीजघरातून खाली उतरतं, त्याच्या जोरावर राजनाल्याखालच्या गावांत उन्हाळी भातही होतो. ज्यांच्या घरी दुबार आहे त्या पोरांना जानेवारीनंतरही चिखल सुटत नाही. सामने त्याच महिन्यांत असतात. म्हणजे संघ एकत्र बसवायचा तर तो आता, पावसात, देवळाच्या सभामंडपात साखळीचा सराव करतच. ज्याला हे तीन महिने द्यायचे नाहीत, तो आपल्या बचावात कितीही हुशारीने उभा राहिला तरी एकटाच उभा राहील.

चौकचा माणूस येतो म्हणालाय. पाळी सुटली की मोटरसायकलने कर्जतमार्गे येईन, आठवड्यातून चार संध्याकाळी, असं त्याने शब्द दिला. गेल्या आठवड्यात तो एकदा येऊन गेलाही. त्याने पोरांना पकड शिकवली नाही. आधी नुसतं उभं राहायला शिकवलं: पाय किती अंतरावर, हात धरलेला शेजारी किती वाकलेला, नजर चढाईपटूच्या खांद्यावर की कमरेवर. मग उजव्या कोपऱ्याशी बोलून ठरवलं की तू आत गेलास की मी थांबणार, मी गेलो की तू थांबायचं. मैदानात तो सतत बोलतो. त्या एका तासात पोरांनी केलेल्या पकडी पूर्ण झाल्या. आपल्याला हवंय ते हेच.

वाडीतल्या पोराचं वेगळं. त्याची पकड खरी आहे, मनगट लोखंडाचं आहे, आणि डोंगर चढून-उतरून पाय असे झालेत की चिखलातही घसरत नाही. पण त्याला आत्ता एकट्याने कोपरा दिला तर तीन सामन्यांत चढाईपटू त्याला फसवतील आणि चौथ्या सामन्यात आपलीच माणसं बाहेरून ओरडून त्याचं मन मोडतील. आपल्या गावाने अशी पोरं गमावलीत. त्याला पहिलं वर्ष राखीव ठेवू. समोरचा संघ दुबळा असेल तेव्हा उत्तरार्धात उतरवू, रोज सराव मात्र चौकच्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच. दोन वर्षांनी तो डावा कोपरा होईल आणि तेव्हा आपल्याला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

म्हणून माझा ठराव असा. चौकच्या माणसाची नोंदणी आपल्या मंडळाच्या नावाने करायची, दोन मोसमांसाठी, आणि त्याला मानधन द्यायचं ते बिनबोभाट, वेळेवर. वाडीतल्या पोराचा सरावाला येण्याजाण्याचा आणि बुटांचा खर्च मंडळाने करायचा, कारण आता जिल्ह्यातले काही सामने मॅटवर होतात आणि अनवाणी खेळायची सवय तिथे आड येते. उरलेल्या पैशात सभामंडपासाठी जुनी का होईना मॅट आणायची आणि कुणाचा गुडघा-खांदा गेला तर उपचाराला थोडी रक्कम बाजूला ठेवायची. खोपोलीच्या पोराला निरोप द्यायचा तो सन्मानाने. सरावाला यायचं मनात आलं तर दार उघडं आहे, असं त्याला आपण दोघांनी जाऊन सांगू.

तुला हे पटणार नसेल तर एका प्रश्नाचं उत्तर घेऊन ये. सामना बरोबरीत आहे, शेवटची चढाई त्यांची आहे, मैदानात आपले तीनच गडी उरलेत आणि पकड झाली तर सुपर टॅकलचे दोन गुण आपले. त्या वेळी डाव्या कोपऱ्यात तुला कोण हवा, ज्याने आयुष्यात सगळ्यांत जास्त घोटे धरले तो, की ज्याच्या एका हाकेवर उरलेले दोघे हलतील तो? तुझं उत्तर पहिला असेल, तर बैठकीत तुझ्या बाजूने मत द्यायला मी तयार आहे. दुसरा असेल, तर बैठकीत आधी तूच बोल, कारण पोरं माझ्यापेक्षा तुझं ऐकतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येताना पावती पुस्तकं घेऊन ये, नवी छापायचीत.

तुझा धाकटा भाऊ