वर निखारे, खाली निखारे

भाऊबीज झाली की देवरीच्या आसपासच्या गावांत मंडईचे दिवस लागतात. आज ह्या गावची, उद्या शेजारच्या गावची, अशा तारखा ठरत जातात. दिवसा बाजार भरतो, ऊस आणि शिंगाड्यांचे ढीग लागतात, जिलेबीची कढई रस्त्यावर येते. रात्री दंडार हा लोकनाट्याचा खेळ असतो नाहीतर नाटक. सासरी गेलेल्या मुली लेकरांना घेऊन माहेरी येतात. देवरी नागपूर-रायपूर हमरस्त्यावर जवळपास मधोमध, त्यामुळे सोयरीक दोन्ही अंगांना. छत्तीसगडातल्या पाहुण्यांना मंडईचं नवल नसतं, त्यांच्याकडे तिला मडई म्हणतात. एरवी सहा माणसांच्या घरात अशा दिवशी पंचवीस पानं मांडावी लागतात.

आणि घरातली मोठी बाई चुलीपुढून हलत नाही.

वडे गरमच हवेत. पुरी फुगलेली असतानाच ताटात पडली पाहिजे. आलू-वांग्याची भाजी गंजाच्या म्हणजे पातेल्याच्या बुडाला लागू नये म्हणून सराटा सतत फिरता ठेवावा लागतो. पहिली पंगत उठते, दुसरी बसते, मग लेकरं, मग उशिरा आलेले जावई. वर्षातून एकदा आलेली मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आईशी बोलते, आणि आई तिच्याकडे पाठ करून, कढईतल्या तेलाकडे बघत उत्तरं देते. मुलीच्या सासूचं दुखणं, नातवाची शाळा, विकायला काढलेलं शेत, सगळं त्या पाठीला सांगावं लागतं. पूर्व विदर्भाच्या ह्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही मंडईच्या घरी हे चित्र दिसतं. त्याला कुणी वाईट म्हणत नाही, कारण ते सगळ्यांच्या सवयीचं झालं आहे.

म्हणून एका परक्या पदार्थाबद्दल आपुलकीने लिहावंसं वाटतं. बटाट्याचे पातळ काप, दुधाचा दाटसर रस्सा, मध्ये कांदा, वर किसलेलं चीज. हे सगळं एका पसरट भांड्यात रचायचं आणि भट्टीत ठेवून द्यायचं. इंग्रजीत त्याला कॅसरोल म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला तो पोळ्या गरम ठेवायच्या डब्याचं नाव होऊन, आणि अजूनही बहुतेक घरांत त्याचा तोच अर्थ आहे. शहरी मराठी घरांत ह्या जातीच्या पदार्थाला साधं ‘बेक डिश’ म्हणतात. तरला दलाल यांचं पहिलं पुस्तक १९७४ साली आलं. त्यांच्या पाककृतींमुळे व्हाइट सॉस आणि भाजलेलं चीज मुंबई-पुण्याच्या शाकाहारी घरांत सरसकट पोचलं. देवरीकडे ते आता येतं आहे, नागपूर-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलासुनांच्या हातून.

फ्रेंच लोक ह्याच पदार्थाच्या थोरल्या भावाला ग्रातँ म्हणतात. आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांताचं ग्रातँ सर्वांत प्रसिद्ध. १७८८ च्या जुलैमध्ये गाप गावी झालेल्या एका मेजवानीत त्याचा पहिला लेखी उल्लेख सापडतो. हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ खरवडणं. भांड्याला चिकटलेलं, लालसर, कडक झालेलं जे खरवडून काढतात, ते ग्रातँ. म्हणजे आपली खरवडच. दुधाच्या पातेल्याच्या तळाची किंवा भाताच्या गंजाची खरवड कुणाला मिळणार ह्यावरून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. फ्रेंचांनी त्या खरवडीला पदार्थाचं नावच देऊन टाकलं.

अमेरिकेत ह्या पदार्थाने वेगळीच कामगिरी उचलली. युटा राज्यातल्या मॉर्मन समाजात कुणाच्या घरी माणूस गेलं की मंडळीतल्या बाया बटाट्याचं हे भांडं भाजून त्या घरी पोचवतात. किसलेला बटाटा, चीज, आंबट क्रीम, डब्यातलं दाट सूप आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. त्याचं नावच ‘फ्यूनरल पोटॅटोज’, मयताचे बटाटे. कॅम्बेल कंपनीचं मशरूमचं दाट सूप १९३४ साली बाजारात आलं. अशा तयार सुपांमुळे व्हाइट सॉस हलवत उभं राहण्याचं कामही वाचलं. पुढे तोच पदार्थ सणावारांना आणि कुटुंबाच्या मेळ्यांनाही जाऊ लागला. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक भरलं, तेव्हा आठवण म्हणून विकल्या गेलेल्या बिल्ल्यांपैकी एकावर हे बटाटे होते.

मराठी माणसाला ह्यात परकं काही वाटू नये. ज्या घरी मयत झालं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणतात, कडू घास देतात, दुखवट्यातल्या बाईला बळेबळे दोन घास खायला लावतात. त्या दिवशी घरच्या बाईने चुलीपुढे उभं राहू नये, तिने माणसांत बसावं, रडावं, हे आपल्या रीतीला पक्कं ठाऊक आहे. दुःखाच्या दिवशी जी सवलत आपण देतो, ती मंडईच्या दिवशी का देत नाही?

खरं तर ठेवून देण्याचा स्वयंपाक इथल्या मातीत आहेच. रोडगे घ्या. कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकीवर एक चढवायच्या, वळून गोळा करायचा, गोवऱ्यांचा जाळ बसून लाल निखारा उरला की त्यात सोडून वरून निखारा आणि राख ओढायची. अधूनमधून परतले की झालं. ‘आगीतून फुफाट्यात’ हे आपल्याकडे संकटाचं बोलणं आहे, पण रोडग्याचं भलं फुफाट्यातच होतं. शेतात किंवा देवळाच्या आवारात होणाऱ्या रोडग्यांचं काम बहुधा पुरुषांकडे असतं. विस्तवाभोवती बसून त्यांच्या गप्पा मात्र थांबत नाहीत. पदार्थ होतो आणि करणारा माणसांत राहतो. घरातल्या चुलीवर बाईच्या वाट्याला हे सुख येत नाही.

बटाट्याचाही जन्म असाच विस्तवातला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, जिथून तो जगभर गेला, तिथले शेतकरी काढणीच्या दिवसांत शेतातच मातीच्या ढेकळांची लहानशी घुमटी रचतात. आत जाळ करतात, ढेकळं तापून निघाली की बटाटे आत टाकतात आणि घुमटी त्यांच्यावर पाडतात. ह्या भट्टीला हुआतिया म्हणतात. पोर्तुगीजांबरोबर हे कंद आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्या ‘बताता’चा मराठीत बटाटा झाला. देवरीच्या बाजारात बटाटा म्हटलं तरी कळतं, पण मागतात ते आलू. धान आणि तलावांच्या ह्या मुलखात आलू बाहेरून येतो, तरी त्याच्यावाचून लग्नाची भाजी होत नाही.

आता प्रत्यक्ष करणं. बारा-पंधरा माणसांना २ किलो आलू, १ लिटर दूध, ४०० ग्रॅम चीज, चार मोठे कांदे, लसणाचा एक गड्डा, पाच-सहा हिरव्या मिरच्या, ५० ग्रॅम लोणी, चार मोठे चमचे मैदा, मिरपूड, मीठ. सांबार हवा तर बारीक चिरून. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात ठेवावं.

आलू निवडताना घाई नको. दिवाळीच्या सुमारास बाजारात बराचसा माल शीतगृहातला असतो. २ ते ४ अंशांच्या थंडीत राहिलेल्या बटाट्यात पिठाची साखर होऊ लागते, त्यामुळे तो गोडसर लागतो आणि भाजताना लवकर काळवंडतो. काप करून पाच मिनिटं कढत पाण्यात ठेवले आणि निथळले की पुष्कळशी साखर निघून जाते. कापाची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास असावी. काप उजेडाकडे धरला तर पलीकडचं बोट सावलीसारखं दिसावं, एवढाच पातळ. विळीवर सराव असलेली बाई हे न मोजता करते. जाड झाला तर मध्ये कच्चा राहतो. फार पातळ झाला तर थर विरघळून लगदा होतो आणि लेकरं त्याला आलूचं वरण म्हणतात.

लोण्यात लसूण-मिरची परतून मैदा घालायचा, कच्चा वास गेला की दूध थोडं थोडं ओतत ढवळायचं. हे एकच काम उभ्याने करायचं आहे, दहा-बारा मिनिटांचं. रस्सा पळीच्या पाठीवर साय धरल्यासारखा बसला की पुरे. त्यात भेदरे म्हणजे टमाटे घालण्याचा मोह आवरावा. आंबटाने दूध फाटण्याची भीती असते आणि बटाटाही शिजायला वेळ घेतो.

चीजच्या जागी पनीर चालेल का, हा प्रश्न हटकून येतो. चालत नाही. पनीर आंबटाने फाडलेलं असतं, त्यातलं कॅल्शियम आम्लाने सैल केलेलं असतं. तापवलं की ते वितळायच्या ऐवजी आणखी घट्ट होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या डब्यातल्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यामुळे तूप वेगळं न पडता ते गुळगुळीत वितळतं. निम्मं ते आणि निम्मं मोझरेला घेतलं की चवही येते आणि तारही सुटते. एक योगायोग सांगण्याजोगा आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी नावाजलेलं, आणि त्याच तालुक्यात मंचरला १९९२ पासून पराग मिल्क फूड्सचा मोठा दुग्धप्रकल्प आहे, जिथे चीजही होतं. ह्या परक्या म्हणवल्या जाणाऱ्या पदार्थाचे दोन्ही आधार एकाच मराठी तालुक्यात पिकतात.

थर लावताना तळाला लोणी, मग कापांवर काप अर्धे चढलेले, कौलारू छपरासारखे. त्यावर कांदा, मिरपूड, दोन पळ्या रस्सा, मूठभर चीज. असे चार थर. शेवटचा थर सगळ्यात नीटनेटका, कारण तोच दिसणार आहे.

ओटीजी असेल तर १८० अंशांवर पाऊण ते एक तास. नसेल तरी अडत नाही. नानकटाई आणि केक आपल्या आज्या ज्या रीतीने करत तीच रीत: जाड बुडाचा गंज, खाली मंद निखारे, वर सपाट झाकण, झाकणावर निखारे. वरचा विस्तव खालच्यापेक्षा जास्त हवा. पदार्थाच्या वरच्या अंगाला पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या पुढे तापत नाही आणि लाली धरत नाही. वरून कोरडी आच लागून पाणी उडालं की चीज आणि दुधातली प्रथिनं आणि साखर मिळून ती तपकिरी, खमंग साय धरते. नुसत्या चुलीवर ठेवलं तर आलू शिजेल, पण खरवड तळाला बसेल आणि वरून पदार्थ पांढराफटक दिसेल.

आता मंडईच्या संध्याकाळचं असं एक घर डोळ्यांपुढे आणा. घरामागच्या सांदवाडीत गोवऱ्यांचा निखारा पडला आहे, त्यात गंज बसवला आहे, झाकणावर लाल निखाऱ्यांची रांग आहे. सपरीत म्हणजे ओसरीत सतरंजी अंथरली आहे. मोठी आई येते, झाकणाकडे बघते आणि विचारते, “हे का होय वं?”

“आलूचं आहे, मोठी आई. पाऊण तास त्याच्याकडे बघायचं नाही.”

“अन् आपण?”

“आपण बसायचं.”

पहिली पाच मिनिटं कुणालाच बसवत नाही. हात रिकामे राहायची सवय नसते. कुणी उगाच शेंगा सोलायला घेतं, कुणी लेकराचे केस विंचरायला. मग हळूहळू बोलणं सुरू होतं, आणि ह्या खेपेला आईचं तोंड मुलीकडे असतं. सासूचं दुखणं पुन्हा एकदा सांगितलं जातं, कारण मागच्या वेळी ते नीट ऐकलं गेलं नव्हतं. मधेच गंजाच्या कडेने रस्सा वर येऊन चरचरतो, लसणाचा आणि भाजलेल्या दुधाचा वास सपरीपर्यंत येतो, तेव्हा एकजण उठून सुरीचं टोक खुपसून बघते. टोक लोण्यात शिरावं तसं गेलं की झालं. लगेच वाढायचं नाही. पंधरा मिनिटं निवू द्यायचं, म्हणजे थर धरून राहतात आणि सराट्याने चौकोनी तुकडा सरळ निघतो.

वडे ह्या दिवशीही होतातच, मंडई वड्यांवाचून होत नाही. फक्त त्यांचा घाणा अर्ध्यावर येतो, आणि चुलीपुढचा वेळही. एवढंच मागणं आहे.

जेवणं लवकर आटोपतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगामच दिवाळीपासून होळीपर्यंतचा. ज्या घरात भांडी आवरायला रात्रीचे अकरा वाजतात, तिथली बाई पहिला अंक चुकवते आणि मग “राहू द्या, जा तुम्ही” म्हणून घरीच थांबते. एका गंजात झालेल्या स्वयंपाकाची भांडीही कमी. शाल, सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन सगळ्या बाया एकदमच निघतात.

पहाटे थंडीत कुडकुडत परत येतात तेव्हा फ्रीजमध्ये झाकून ठेवलेला चार वड्यांएवढा तुकडा उरलेला असतो. रात्रीत तो घट्ट झालेला असतो. मोठी आई तवा ठेवते, थेंबभर तेल सोडते, बोटभर जाडीचे काप तव्यावर मांडते. दोन्ही बाजूंनी चीज पुन्हा सुटून तव्याला चिकटतं, कडक होतं, उलथन्याने खरवडून काढावं लागतं. चहा उकळतो आहे, नाटकातल्या खलनायकाचं बोलणं लेकरं आपसात म्हणून दाखवताहेत, आणि तव्यावरची खरवड कुणाची ह्यावरून दोघांचं भांडण लागलं आहे.