शक्तिमानचा रंग

निवृत्त माणसास काहीतरी नाद असावा म्हणतात. मला लागला तो एका म्हाताऱ्या लष्करी ट्रकचा. नाशिक रोडपासून देवळालीचा तोफखाना जवळच. तिकडे निघालेले 'शक्तिमान' ट्रक आम्ही मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून मोजीत असू. जर्मन कंपनीच्या सहकार्याने ते १९५९ पासून जबलपूरच्या, तोफांचे गाडे बनविणाऱ्या कारखान्यात तयार होऊ लागले. १९६५ व १९७१ च्या युद्धांत सैनिक आणि दारूगोळा त्यांनीच वाहिला.

लिलावातला असा एक ट्रक माझ्या अंगणात आला, तेव्हा त्याच्या हौद्यात गवत उगवले होते. गंजलेल्या बोल्टाला आठवडाभर रॉकेल पाजावे, तेव्हा कोठे पाना फिरे! शेजारचे निवृत्त सुभेदार रोज सकाळी मदतीस येत.

खरा पेच पडला तो रंगाचा. लष्कराखेरीज इतरांच्या वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मनाई आहे. "ज्या रंगात याने जन्मभर चाकरी केली, तोच याला वर्ज्य?" मी चिडून म्हणालो.

सुभेदारांचा काचकागद क्षणभर थांबला. "गुरुजी, मीही वर्दी उतरवूनच घरी आलो ना?"

मग मी मुकाट्याने राखी रंगाचा डबा उघडला.

इंजिन मात्र अजून बोलत नाही. डिझेलच्या पंपाचा एक लहानसा भाग कोठेच मिळेना. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे त्यासाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईस जाणार आहोत. जुना भाग सुभेदारांनी रुमालात बांधून ठेवला आहे.