फोटोशूटआधी चेहऱ्यावर प्रयोग नकोत

चाकणला कंपनीत पाळ्या करून रविवारी मॉडेलिंगचे शूट करणारी मुले-मुली माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, आठ दिवसांत रंग उजळेल ना?” मी आधी त्यांची क्रीम बघायला मागतो. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल, तर ते स्टेरॉइड आहे. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली आणि मुरुम येतात; थांबवल्यावर आग होते. २०१८मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीमना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, ती उगाच नाही. तुम्ही महिनोन्महिने लावत असाल, तर बंद कशी करायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

शूटच्या आठवड्यात नवे फेशियल, ब्लीच नको; अ‍ॅलर्जी दोन दिवसांनीही उठते. आदल्या रात्री रात्रपाळी टाळा, झोप काढा. सावळा रंग कॅमेऱ्यात छान दिसतो. बिघडवलेली त्वचा सावरायला मात्र महिने लागतात.