इसाराचे दिवस

घर विकत घेण्याची ऐपत नाही, पण घराचा सौदा जमविण्याची हौस आहे, अशा माणसाला आमच्या सीमाभागात इसाराचा धंदा खुणावतो. मालकाला इसार द्यावा, तीन-चार महिन्यांची मुदत घ्यावी, करारात 'किंवा ते सांगतील त्यांच्या नावे' हे शब्द घालून घ्यावेत आणि गिऱ्हाईक आणून मधला फरक आपण ठेवावा. शिक्षकी संपल्यावर मी या फंदात पडलो.

पहिला इसार दिला तो बिदरच्या जुन्या शहरातील, महमूद गवानच्या मदरशालगतच्या एका पडक्या वाड्यासाठी. मालक भावंडे पुण्यास व हैदराबादेस स्थायिक झालेली. वाडा फार स्वस्त होता. एवढ्या मोक्याच्या जागी एवढी स्वस्ताई का, हा प्रश्न मला पडावयास हवा होता. तो पडला भालकीहून आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला.

"गुरुजी, इथं नवं बांधू देतात का?"

देत नाहीत. १४७२ सालचा तो मदरसा संरक्षित स्मारक आहे आणि २०१० च्या कायदादुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरांतही परवानगी लागते. डागडुजीसाठीदेखील अर्ज करावा लागतो. मुदत संपली, इसार बुडाला. त्यात सौभाग्यवतीच्या भिशीचे पैसे होते. ती काही बोलली नाही. चहा मात्र हाती न देता टेबलावर ठेवून जाऊ लागली.

मग मामांनी मला हिंडविले. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली होती, म्हणून हुमनाबादेच्या बाजूस इसार द्यावा असे माझ्या मनात होते. मामा म्हणाले, "रेल्वे तुझं गिऱ्हाईक आणते की घेऊन जाते, ते आधी बघ." शेत तोडून पाडलेल्या प्लॉटांची ते प्रथम पहाणी मागत, जमीन अजून शेतीचीच निघाली की पुढे बोलत नसत. भर पावसात पाणी कोठे तुंबते ते पाहून येत. आणि दूधवाल्याला विचारत, या गल्लीत गेल्या वर्षी घरे किती होती, यंदा किती? चार महिन्यांत गिऱ्हाईक गाठावयाचे, तर जेथे माणसे आधीच घरे बांधीत आहेत तेथेच गेले पाहिजे, हे मला त्या दूधवाल्याच्या वहीतून उमगले.

दुसरा सौदा नौबादेकडील एका लहानशा प्लॉटाचा. फरक बेताचाच सुटला. भिशीचे पैसे तेवढे फिटले. त्या संध्याकाळी चहा हातात आला. मदरशावरून जाताना मात्र त्या वाड्याची गल्ली मी अजूनही टाळतो.