नीना सिमोनचा बाख

शास्त्रीय शिकलेला कलावंत दुसरे काही गाऊ लागला की 'खाली उतरला' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हीही तेच म्हणत आलो. नीना सिमोनचे 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' प्रथम ऐकायला बसलो तेव्हा मनाची तयारी तशीच होती: बारमधले गाणे, ठेका चांगला असेल, संध्याकाळ बरी जाईल. मूळ गाणे १९२८ सालचे, ब्रॉडवेच्या रंगभूमीवरचे. तिने ते गायले, आवाज थांबला आणि पियानो पुढे निघाला. बघता बघता दोन्ही हात आपापली स्वतंत्र चाल चालू लागले; एकाने गावे आणि दुसऱ्याने साथ करावी ही वाटणीच उरली नाही. खाली जॅझचा ठेका अखंड चालू आणि वर सरळसरळ बाख! आम्ही तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा.

तिचे खरे नाव युनिस वेमन. जन्म १९३३ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायन या लहानशा गावचा. आई मेथडिस्ट धर्मोपदेशिका, त्यामुळे पहिला पियानो चर्चमधला. पुढे म्युरिएल मॅझानोविच या इंग्रज बाईंनी तिला बाख शिकवला आणि गावाने तिच्या शिक्षणासाठी वर्गणी काढली. गोऱ्या श्रोत्यांसाठी जागा व्हावी म्हणून तिच्या वादनाच्या वेळी आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवण्यात आले. ते पुन्हा पुढे बसल्याखेरीज आपण वाजवणार नाही, असे त्या शाळकरी मुलीने सांगितले. हा प्रसंग तिने पुढे स्वतःच नमूद केला आहे.

अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय मैफिलीची पियानोवादक व्हायचे, हे तिचे स्वप्न. त्यासाठी कुटुंब फिलाडेल्फियाला राहायला गेले आणि १९५१ मध्ये तिथल्या कर्टिस इन्स्टिट्यूटने तिला प्रवेश नाकारला. कारण वर्ण, ही तिची आयुष्यभराची खात्री. तिला पुढे खासगी शिकवणी देणारे व्लादिमीर सोकोलॉफ यांनी हे नाकारले. जॉर्ज वॉकर हे कृष्णवर्णीय संगीतकार १९४५ मध्ये त्याच संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडले होते, हेही खरे. पण ज्या मुलीचे आईवडील भर सभेत उठवले गेले, तिने नकाराचा दुसरा कोणता अर्थ लावायचा होता?

पोटासाठी १९५४ मध्ये ती अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये वाजवू लागली. गायलीस तरच नोकरी, असे मालकाने बजावले म्हणून ती गायली. आईला कळू नये म्हणून नाव बदलले. 'सिमोन' हे सिमोन सिन्योरे या फ्रेंच अभिनेत्रीवरून.

या संगीताला 'मिश्रण' म्हणणे आम्हाला आता जड जाते. मिश्रण करणाऱ्यापुढे निवड असते. तिच्यापुढे होता एक पियानो, आणि आलेले सगळे त्याच्यावर वाजवणे भाग होते. 'लिटल गर्ल ब्लू' या प्रेमगीताखाली तिने 'गुड किंग वेन्सेस्लास' हे नाताळचे गाणे गुंफले, तेही असे की दोन्हींची पोरकी थंडी एकच वाटावी. १९६३ मध्ये मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली, बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. तेव्हा तिने 'मिसिसिपी गॉडॅम' रचले. चाल मात्र नाटकातल्या उडत्या गाण्याची! कार्नेगी हॉलमधल्या १९६४ च्या ध्वनिमुद्रणात श्रोते आरंभी हसतात. शब्द पुढे सरकतात तसे ते हसू विरते. त्या हसणाऱ्यांत आम्हीही बसलो असतो, हे कबूल करायला हवे.

एकदा आमच्या एका स्नेह्याने म्हटले, "प्रवेश मिळाला नाही तेच बरे झाले; नाहीतर हे ऐकायला कुठे मिळाले असते?" आम्ही मान डोलावली. रात्री मात्र ती मान डोलावणे बोचू लागले. लाभ आमचा, आणि जखम तिची. तिने तर ती कधी बरी झाल्याचे म्हटले नाही. पुढे तिला मोठे यश मिळाले, तरी जॅझ गायिका हे बिरुद तिला रुचत नसे. आपण वाजवतो ते कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत, असे ती सांगे.

एप्रिल २००३ मध्ये फ्रान्समध्ये तिचे निधन झाले. त्याच्या अगदी थोडे दिवस आधी कर्टिसने तिला सन्माननीय पदवी जाहीर केली होती. मधे बावन्न वर्षे गेली होती.