काळ्या शेळीचं दूध

नांदेडात आमच्या दारात पहाटे पिशवी पडायची, ती म्हणजे दूध. ते गाईचं की म्हशीचं, हे घरात कधी कुणी विचारलं नाही. लग्न होऊन रेणापूरला आले, तर इथे गोठ्यात एक देवणी गाय, तिच्या पलीकडे जुळ्या करडांची काळीभोर उस्मानाबादी शेळी, आणि दोघींच्या दुधाची भांडी वेगळी. कोणतं दूध कशाला, हे प्रत्येक जण ठामपणे सांगायचा, पण एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणायच्या की शेळीचं दूध हलकं, लेकरांना तेच द्यावं. शेजारच्या काकूंना त्याच्या वासानंच नको व्हायचं. कुणी सांगायचं, डेंग्यूत रक्तातल्या पेशी वाढवायला त्यासारखं औषध नाही. मी सगळं ऐकून घेत होते आणि दोन्ही भांड्यांत डोकावत होते.

"काय बघलालीस तशी? बस की धारंला," आत्या म्हणाल्या.

गाईला आधी वासरू लावावं लागतं, ती पान्हा सोडते, मग वासरू बाजूला घेऊन चार सडांची धार काढायची. शेळीला दोनच सड. करडांनी आधी पिऊन घेतलेलं असतं, उरलेलं आपलं. पण शेळीची एक सोय मला फार आवडली. दुपारी अचानक पाहुणे आले तर आत्या पेला घेऊन गोठ्यात जातात आणि चहापुरतं दूध घेऊन येतात. गाईला अशी अवेळी धार मागता येत नाही.

दोन्ही दुधं शेजारी ठेवली की पहिला फरक रंगाचा. देवणीचं दूध पिवळसर झाक असलेलं, शेळीचं पांढरंशुभ्र. पिवळं म्हणजे कसदार आणि पांढरं म्हणजे पाणचट, असंच मला वाटत होतं. माझा चुलत दीर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, त्याने समजावलं. "वहिनी, हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गाईच्या दुधात तसंच उतरतं, म्हणून ते पिवळं. शेळी त्याचं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्व करून टाकते, आणि त्याला रंग नसतो." स्निग्धांश शेळीच्या दुधात कमी नसतोच. शंभर ग्रॅममध्ये तो साधारण चार ग्रॅम निघतो, गाईच्या दुधात साडेतीन ते चार. प्रथिनं जवळपास सारखी, कॅल्शियम शेळीच्या दुधात थोडं जास्तच.

मग साय का धरत नाही? गाईच्या दुधात चरबीचे कण एकमेकांना चिकटवणारं एक प्रथिन असतं, त्यामुळे ते गोळा होऊन वर येतात. शेळीच्या दुधात ते जवळपास नसतं. कणही बारीक असतात आणि दुधभर विखुरलेले राहतात. म्हणून शेळीच्या दुधाचं लोणी काढायचं म्हणजे कष्ट जास्त आणि हाती थोडं. दह्याचंही तसंच. मी एकाच विरजणाने दोन वाट्या लावल्या. गाईचं दही सुरीनं कापावं असं लागलं, शेळीचं मऊ, सैलसर, चमच्यातून घसरणारं. केसिनच्या एका प्रकाराचं प्रमाण शेळीच्या दुधात कमी असल्यामुळे हे होतं. पोटातही त्याची गाठ अशीच मऊ होते. आत्या 'हलकं' म्हणतात त्याला हा आधार आहे. पण ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांची सुटका यात नाही, कारण ती शेळीच्या दुधात थोडीशीच कमी असते.

वासाचं कोडं आत्यांनी सोडवलं. "बोकड लांब बांध, कास धू, अन् काढलं की लगेच तापव." बोकडाच्या शिंगांमागच्या ग्रंथींचा उग्र दर्प शेळीच्या अंगाला आणि उघड्या दुधाला लागतो. शिवाय दूध तसंच पडून राहिलं की त्यातली चरबी फुटून वास वाढत जातो. ताजं, लगेच उकळलेलं दूध मी काकूंना न सांगता नाही, सांगूनच दिलं. त्यांनी पेला रिकामा केला.

हे सगळं कुतूहलाचं होतं. जाऊबाईंचं बाळ पाच महिन्यांचं असताना मात्र मला काळजी वाटली. अंगावरचं दूध कमी पडतंय असं वाटून घरात शेळीच्या दुधात पाणी घालून बाळाला पाजायची भाषा सुरू झाली. आम्ही बाळाला घेऊन लातूरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी ना शेळीचं, ना गाईचं. शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी असतं, गाईच्या दुधाच्या पाचव्या हिश्श्याइतकं, आणि बी-१२ही कमी. युरोपात शंभर वर्षांपूर्वी केवळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्यांना रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचंही सोसत नाही, कारण दोन्हींतली प्रथिनं मिळतीजुळती असतात. बाळाला घेण्याची पद्धत त्यांनी बदलून दाखवली आणि जाऊबाईंचं दूध पुरू लागलं.

पावसाळा संपता संपता दारात अनोळखी माणसं यायला लागली. घरात डेंग्यूचा रुग्ण, हातात रिकामी बाटली, आणि मागणी एकच, 'कच्चंच द्या, तापवू नका.' पैसे वाटेल तेवढे. डेंग्यूतून माणूस सावरू लागला की पेशी आपोआप वाढतात. शेळीच्या दुधाने त्या वाढतात याला पुरावा नाही. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिस होतो आणि त्याचा ताप महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. आजारी माणसाला आणखी एक ताप कशाला? मी नेहमीच्याच भावाने दूध देते, पण आमच्या चुलीवर उकळून, आणि दवाखाना सोडू नका असं बजावून. काही जण रागावून रिकाम्या हाताने परत जातात. जाऊ देत.

मला वाईट याचं वाटतं की हे दूध एक तर औषध म्हणून मागतात, नाही तर वासाचं म्हणून टाकतात. रोजचं अन्न म्हणून त्याच्याकडे फार थोडे बघतात. उस्मानाबादी शेळी याच पट्ट्यातली, धाराशिव-लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते दुष्काळाचे दिवस आत्या अजून सांगतात. गाईला कडबा विकत आणणं परवडत नव्हतं, शेळी बाभळीच्या शेंगा अन् बोरीच्या पाल्यावर तगली. ज्या घरी रान नाही, तिथे गाय बांधता येत नाही, शेळी येते.

पण तिथेही अडचण आहे. ही शेळी पाळली जाते ती करडांसाठी. दिवसाला अर्धा लिटर, फार तर लिटर-दीड लिटर दूध. आपण काढलेला प्रत्येक पेला करडाच्या वजनातून जातो आणि बोकडाचा भाव वजनावर ठरतो. मजुरीवर चालणाऱ्या घराला हा हिशेब मोडता येत नाही. आम्ही आमच्यापुरतं असं ठरवलंय की करडं पाला नीट खाऊ लागेपर्यंत दूध त्यांचंच. आता ती तीन महिन्यांची झालीत, म्हणून संध्याकाळची धार उकळून थोरल्या पुतणीला. ती सहा वर्षांची आहे, जेवायला कंटाळते, आणि हा पेला मात्र मागून घेते.