वहिनींचे बारा कप्पे

आमच्या घरीं दिवस सुरू होतो तो दादांच्या चहानें. आणि चहा उरकला कीं दादा दिवाणखान्यांतील संगणकापुढें जाऊन बसतात. हा परिपाठ वहिनी गेल्यापासूनचा. त्यापूर्वीं ती खुर्ची वहिनींची होती. साठी उलटल्यावर त्यांनीं संगणकास हात घातला, आणि पुढील बारा वर्षांत ब्राउझरमध्यें जें जें आवडलें त्याच्या खुणा करून ठेविल्या. त्या खुणांचे कप्पेही बाराच, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. चैत्रांत आंब्याच्या डाळीच्या तीन कृति, श्रावणांत मंगळागौरीचीं गाणीं, मार्गशीर्षांत दत्तजन्माचें एक कीर्तन, आणि कॅनडांतील नातीचीं छायाचित्रें तिच्या जन्माच्या महिन्यांत, म्हणजे माघांत. "अधिक मास आला तर काय करतां?" असें मीं एकदां थट्टेनें विचारलें होतें. "अधिकांत जुनेंच पुन्हां वाचावें," असें तत्काळ उत्तर मिळालें.

दादा रोज चालू महिन्याचा कप्पा उघडतात. त्यांतलें ते किती वाचतात हें मीं कधीं विचारलेलें नाहीं.

गेल्या कार्तिकांत एके सकाळीं त्यांनीं नेहमींच्या चित्रावर दोनदां टिचकी मारली. बाणाशेजारचें वर्तुळ क्षणभर फिरलें आणि थांबलें. खिडकी कांहीं उघडेना. दादांनीं पुन्हां टिचकी मारली, पुन्हां मारली. आणि बऱ्याच वेळानें, ब्राउझर आधींच चालू आहे परंतु प्रतिसाद देत नाहीं, अशा अर्थाची एक इंग्रजी सूचना पडद्यावर आली. जें चालू आहे तें दिसत नाहीं आणि जें दिसत नाहीं तें चालू आहे, हा वेदान्त सकाळच्या प्रहरीं कोणास पचावा! दादांनीं मला हाक मारली.

माझ्याआधीं धाकटा नातू पोहोंचला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून दिवाळीच्या सुटींत घरीं आला होता. "त्यांत काय, आजोबा! हा काढून टाकतों आणि नवा घालतों. पांच मिनिटांचें काम."

"घाल कीं," दादा म्हणाले. "पण तिचे कप्पे राहतील ना?"

नातवाचा हात थांबला. "राहतील... बहुधा."

त्या 'बहुधा'नें स्वयंपाकघरांतून सूनबाई हात पुसत बाहेर आल्या, माझी पत्नी देवघरांतून उठून आली, आणि दिवाणखान्यांत कोणीच कांहीं बोलेना.

मी जन्मभर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत काढलेला मनुष्य. बिघडलेलें यंत्र खोलण्यापूर्वीं तें कोठपर्यंत चालतें आणि कोठें अडतें हें पाहावें, एवढीच काय ती माझी विद्या. दादांचा ब्राउझर कोणता होता हें मी सांगत नाहीं. दोष त्याचा नव्हता, हें पुढें कळेलच. मीं नातवास शेजारीं बसविलें आणि म्हटलें, "काढण्याचें मागाहून पाहूं. आधीं दोन वस्तु निराळ्या कर."

वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल, तरीही सांगतों. ज्याला आपण ब्राउझर म्हणतों त्यांत दोन वस्तु असतात. एक मूळ प्रोग्रॅम. तो दुकानांतून आणलेल्या भांड्यासारखा, साऱ्या घरीं सारखाच. दुसरी वस्तु प्रोफाइल, म्हणजे आपल्या खुणा, साठविलेले पासवर्ड, आपण जोडलेलीं उपांगें, पूर्वीं पाहिलेल्या पानांची नोंद. हा सारा संसार संगणकावर निराळ्याच फोल्डरमध्यें असतो, आणि विंडोजमध्यें तर तो सहज दिसूं नये अशा ठिकाणीं असतो. फायरफॉक्समध्यें खुणा एका फाइलींत राहतात आणि पासवर्ड दोन फाइलींत मिळून. एकींत कुलूप लावलेली पेटी, दुसरींत तिची किल्ली. घाईनें एकच उचलून नेली तर ती फुकट. मूळ प्रोग्रॅम काढून टाकला तरी फायरफॉक्सचें प्रोफाइल सामान्यतः मागें राहतें. क्रोम काढतांना मात्र एक लहानशी चौकट येते आणि तुमची साठविलेली माहितीही पुसावयाची काय, असें विचारते. बिघाडानें त्रासलेला मनुष्य त्या चौकटींत खूण करून मोकळा होतो. नातू म्हणाला, "मीं तर केलीच असती."

आतां त्या सूचनेकडे वळूं. खिडकी मिटली म्हणजे ब्राउझर थांबलाच असें नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो आणि संगणकांत त्या घटकेस कोण कोण राबत आहे त्याची यादी दिसते. त्या यादींत दादांच्या ब्राउझरचें नांव एकदां नव्हे, नऊ वेळां होतें. सूनबाईंना वाटलें, विषाणु शिरला. तसें नव्हतें. 2008 सालीं क्रोम आला तो प्रत्येक टॅबचें काम शक्यतों निराळ्या प्रक्रियेकडे सोंपवूनच, म्हणजे एक पान कोसळलें तरी बाकींचीं उभीं राहावीं. पुढें इतरांनींही तोच मार्ग धरला. तेव्हां एकाच नांवाच्या अनेक ओळी हा रोग नव्हे. ओळी आहेत आणि खिडकी एकही नाहीं, हा रोग.

याचें कारण दादांच्या संवयींत सांपडलें. ते संगणक बंद करीतच नसत, नुसता झोपवीत. कोठल्या तरी दिवशीं आंतला जुना खेळ अर्धवट अडकला आणि तसाच राहिला. एकच प्रोफाइल दोघांनीं एकाच वेळीं वापरलें तर नोंदींची नासाडी होईल, म्हणून ब्राउझर उघडतांना त्यावर कडी घालतो. फायरफॉक्समध्यें त्यासाठीं 'पेरेंट डॉट लॉक' नांवाची एक फाइल असते. न्हाणीघरांत गेलेल्यानें आंतून कडी लावावी, तसेंच हें. आंतला मनुष्य घेरी येऊन पडला तर बाहेरच्यानें किती दार वाजवावें? दादा तेंच करीत होते. नातवानें त्या नऊही ओळींचें काम एकामागून एक संपविलें, आणि कडी सुटली.

सूचना गेली, पण आतां नवेंच. खिडकी उघडली, पांढरी झाली आणि डोळ्यांदेखत मिटली. दादा खुर्चींतून उठून खिडकीपाशीं जाऊन उभे राहिले, बाहेर पाहण्यासारखें कांहीं नसतां.

"आतां तरी काढूं?" नातवानें हळूच विचारलें.

"आधीं नक्कल."

ब्राउझर पूर्ण बंद आहे याची खात्री करून आम्हीं प्रोफाइलचें सबंध फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलें. याला वेळ लागतो आणि दिसण्यासारखें कांहीं घडत नाहीं, म्हणून लोक हें टाळतात. माझ्या मतें साऱ्या खटाटोपांत महत्त्वाचें काम तें एवढेंच; पुढचें सारें कौतुक. नक्कल झाली हें ऐकल्यावर दादा परत येऊन बसले.

मग एक नवें, कोरें प्रोफाइल करून त्यानें ब्राउझर उघडला. झटक्यासरशीं उघडला! नातवानें टाळी वाजविली. दादांनीं त्या स्वच्छ, रिकाम्या खिडकीकडे पाहिलें आणि विचारलें, "हें कोणाचें?"

परंतु आम्हांस हवें होतें तें उत्तर मिळालें होतें. प्रोग्रॅम धडधाकट होता. खोट संसारांत होती. नातू हुशार, त्याच्या लगेच ध्यानीं आलें: त्यानें ठरविल्याप्रमाणें ब्राउझर काढून नवा घातला असता, तर तो तेंच जुनें प्रोफाइल उघडूं पाहता आणि तसाच मिटता, मग दुसऱ्या खेपेस त्यानें त्या चौकटींत खूण केली असती. तो कांहीं वेळ गप्प बसला.

आतां खोट कशांत, एवढेंच उरलें. ब्राउझर कोणत्याही उपांगाविना उघडण्याची सोय असते; फायरफॉक्समध्यें तिला पूर्वीं सेफ मोड म्हणत, 2021 पासून ट्रबलशूट मोड म्हणतात, आणि विंडोजवर शिफ्टची कळ दाबून धरून चित्रावर टिचकी मारली कीं ती सांपडते. दादांच्या ब्राउझरची अशीच सोय आम्हीं वापरली. जुनें प्रोफाइल उघडलें, आणि बाजूस बारा कप्पे रांगेनें उभे राहिले. सूनबाईंनीं डोळ्यांस पदर लावला. दादांनीं चष्मा पुसला, एवढेंच.

उपांगें चार होतीं. एकेक बंद करून आम्हीं ब्राउझर नेहमींच्या रीतीनें उघडून पाहूं लागलों. तिसरें बंद करतांच तो उघडला आणि उघडाच राहिला. दुकानांतील सणासुदीच्या सवलती आपण होऊन शोधून देणारें असें कांहींसें तें उपांग होतें. "हें कोणीं घातलें?" अशी चौकशी सुरू झाली. दसऱ्याच्या सुमारास मिक्सर स्वस्तांत मिळावा म्हणून तें मींच घातलें होतें, आणि मिक्सर घेतल्यावर विसरलों होतों. हें कबूल करतांच माझी पत्नी म्हणाली, "आणि मिक्सर तरी कोठें स्वस्त मिळाला?" असो.

दुपारीं नातू दादांशेजारीं बसून कार्तिकाचा कप्पा तपासूं लागला. तेव्हां निराळीच गोष्ट दिसली. एकवीस खुणांपैकीं नऊ खुणांमागें आतां कांहींच नव्हतें. पानेंच केव्हां तरी नाहींशीं झालेलीं. काकड आरतीच्या एका ध्वनिमुद्रणाच्या जागीं दुसऱ्याच कोणाची जाहिरात उघडे. नातवानें विचारलें, "ह्या मेलेल्या खुणा काढून टाकूं, आजोबा? कप्पा स्वच्छ होईल."

"असूं दे," दादा म्हणाले. "नांवें तिनें टंकलेलीं आहेत."

त्या दिवसापासून दादा रात्रीं दिवे मालवितांना संगणकही बंद करतात. पेनड्राइव्ह त्यांनीं वहिनींच्या हळदीकुंकवाच्या चांदीच्या डबींत ठेविला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस ते तो माझ्या पुढ्यांत आणून ठेवतात आणि म्हणतात, "नक्कल."